सभासद क्रमांकासहित गुप्त मतदान

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की माझ्याशी संसार करणं म्हणजे रोज उठून ओळख पटवून देणं. घराची बेल वाजली की मी आतून "कोण?" असं विचारते आणि "मी" एवढ्या उत्तरावर दार उघडत नाही. "मी म्हणजे कोण?" अशी दुसरी हाक जाते. सुरेश बिचारा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन सालमियातल्या आमच्या दाराबाहेर स्वतःचं पूर्ण नाव सांगतो, तेव्हा कडी निघते. शेजारची मल्याळी बाई हसते. हसू दे. जन्मभर दुसऱ्यांचं रक्त काढून त्यावर नावं चिकटवली की "मी" हे उत्तर चालेनासं होतं.

कुवेतमध्ये मी लॅब टेक्निशियन होते. आधी बरीच वर्षं सरकारी इस्पितळात, नंतर जलीब या कामगारवस्तीजवळच्या एका खासगी क्लिनिकात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. सुरेशची नोकरी अजून आहे म्हणून इथेच आहोत, नाहीतर एव्हाना सांगलीला असते.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई कुणालाही शिकवता येते. खरं काम लेबलचं. समोर बसलेला माणूस नक्की कोण, आणि हातातली ट्यूब नक्की त्याचीच ना, एवढे दोनच प्रश्न दिवसभर विचारायचे. आणि विचारायची पण एक रीत असते. "तुम्ही मोहम्मद ना?" असं कधी विचारायचं नाही. बाहेर वीस माणसं ताटकळलेली असतात, त्यातला कुणीही "हो" म्हणून आत येतो, नंबर लवकर लागतो ना! म्हणून "नाव काय तुमचं?" असंच विचारायचं आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. मग सिव्हिल आयडी बघायचा, फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. आणि नावावर तर मुळीच विसंबायचं नाही, फाईल नंबरवर विसंबायचं. एकाच नावाचे सात जण एका वॉर्डात मी बघितले आहेत. नंबर मात्र ज्याचा त्याचाच असतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. नवी होते तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डातून दोन ट्यूबा आल्या. शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोन बायका, एकीला रक्त चढवायचं होतं. नर्सने घाईत ट्यूबांवर आधीच लेबलं चिकटवून ठेवली होती. मला त्यातल्या एका ट्यूबचा गट बाईच्या जुन्या नोंदीशी जुळेना. मी वर फोन केला, तर डॉक्टर माझ्यावरच खेकसले. पण मी हट्टाने स्वतः वर गेले, दोघींचं रक्त पुन्हा काढलं, आणि अदलाबदल झाली होती हे निघालं. त्या बाईला ती बाटली चढली असती तर ती दगावली असती. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. कुणी मला संशयी म्हटलं की मी त्याला 'थँक्यू' म्हणते.

सलीमची आणि माझी ओळख अशाच संशयातून झाली. हा रत्नागिरीकडचा, जलीबमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा, एका केटरिंग कंपनीच्या किचनमध्ये कामाला. किचनमधल्या कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. त्या दिवशी तो फॉर्म घेऊन बसला, बाही वर केली. मी आयडी बघितला. फोटोतल्या माणसाच्या भुवया एकमेकींना चिकटलेल्या, आणि याच्या दोन भुवयांमध्ये बोटभर मोकळी जागा.

"नाव काय तुमचं?"

"आयडीवर आहे ना, ताई."

"आयडीचं नाही विचारलं, तुमचं विचारलं."

बाबा घाबरला. मग सगळं सांगितलं. "माझा रूमवाला आहे तो, ताई. सुईला घाबरतो. बाहेर जिन्यात उभा आहे. मी नाय घाबरत. माझं घ्या ना, रक्त ते रक्त."

रक्त ते रक्त! मला हसू आवरेना, पण मी चेहरा कडक ठेवला. कायद्याने मला तक्रार करता आली असती. मी म्हटलं, "जा, त्याला घेऊन ये. आणि तू त्याचा हात धरून उभा राहा." दोघं आले. रूमवाला सुई बघूनच आडवा झाला, सलीमने त्याला मांडीवर घेतलं, आणि मी खाली जमिनीवर बसून रक्त काढलं. तेव्हापासून सलीम वाटेत कुठेही दिसला तरी हात वर करून "ताई!" म्हणायचा. फहाहीलच्या बाजारात एकदा माझ्या हातातली पापलेटची पिशवी हिसकावून त्याने बस स्टॉपपर्यंत आणून दिली. मी आत पापलेटं तेवढीच आहेत ना ते घरी येऊन मोजलं, हेही खरं. काय करणार, स्वभाव.

आता मंडळाकडे येते. इथल्या मराठी माणसांचं एक मंडळ आहे, नाव सांगत नाही. गणपती, कोजागरी, मुलांची नाटकं, आणि कुणी आजारी पडलं, वारलं तर कागदपत्रांची धावपळ. अध्यक्ष मोहितेसाहेब. मी कुवेतला आले तेव्हा ते अध्यक्ष होते, आणि या गोष्टीतही तेच अध्यक्ष आहेत. दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची, म्हणजे कुणीतरी उठून नाव सुचवायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, "बिनविरोध, बिनविरोध" म्हणून टाळ्या, आणि लगेच जेवण. विरोधात हात वर करायचा तर सगळ्यांच्या देखत करायचा. कोण करील? मोहितेसाहेब सलीमच्याच केटरिंग कंपनीत मोठे मॅनेजर. मंडळाचे निम्मे सभासद त्यांच्या हाताखाली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तो कंपनीच्या हातात. एकदा का साहेबांनी 'याला कॅन्सल करा' म्हटलं की माणूस आठवड्याभरात विमानात. त्यांनी असं कुणाला केलं का? मला माहीत नाही. पण ते करू शकतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरतं.

माणूस बोलायला मात्र लाघवी. मला वहिनी म्हणायचे, सुरेशच्या तब्येतीची चौकशी करायचे. मला गोड बोलणाऱ्या माणसाचा पहिल्यापासून वहीम येतो. साखर जास्त दिसली की मी दुसऱ्यांदा तपासते.

या निवडणुकीच्या वर्षी किचनमधला एक माणूस खोलीत झोपेत गेला. सलीमच्याच खोलीतला, वरच्या पलंगावरचा. एरवी मंडळ दोन-तीन दिवसांत कागद फिरवून मय्यत गावी पाठवतं. याचे नऊ दिवस लागले. कुठलासा कागद अडला म्हणे. पण महिन्याभरापूर्वी त्या माणसाचं जेवणाच्या डब्यावरून मोहितेसाहेबांशी भांडण झालं होतं, हे जलीबमध्ये सगळे कुजबुजत होते. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. सलीम रोज ड्यूटी संपली की शवागाराबाहेर जाऊन बसायचा. मी विचारलं, "तू तिथे बसून काय करतोस रे?" तर म्हणाला, "ताई, तो एकटा आहे."

या नऊ दिवसांनंतर इक्बाल परकार उभा राहिला. इक्बाल तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, फहाहीलला राहणारा. मोहितेंच्या कंपनीशी त्याचं देणंघेणं नाही, म्हणून त्याला बोलायला तोंड होतं. आणि काय तोंड! मिटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "मी अध्यक्षपदाला उभा आहे. आणि या वेळी हातबित वर करायचे नाहीत. चिठ्ठीवर मतदान. कुणी कुणाला दिलं ते अल्लाला कळलं तर पुरे."

मला वाटलं आता जुंपणार. पण मोहितेसाहेब हसले. "अगदी बरोबर. गुप्त मतदान घेऊ या. आणि निवडणूक अधिकारी वहिनी. यांच्याइतकं काटेकोर माणूस कुवेतमध्ये दुसरं नाही. वहिनी, तुमच्या लॅबच्या पद्धतीने करा सगळं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इक्बालनेसुद्धा. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, इतक्या सहज हो कसे म्हणाले? कुठेतरी पाणी मुरतंय. पण दुसरा विचार आला तो असा, की भर सभेत माझी तारीफ झाली. खोटं कशाला बोलू, मी फुगले. आणि फुगल्यावर पहिला विचार मागे पडला. तिथेच चुकलं.

मी घरी येऊन कामाला लागले. मला कुणावरच विश्वास नव्हता. मोहितेंचे लोक चिठ्ठ्या घुसडतील असं वाटे. इक्बालचे लोकही काही संत नव्हेत. जलीबचे अर्धे जण ड्यूटीवर असतात, एक जण चौघांचे आयडी घेऊन येईल आणि "रक्त ते रक्त"च्या चालीवर "मत ते मत" म्हणेल, ही भीती होतीच. मग मी माझी पद्धत लावली. प्रत्येक चिठ्ठी एकाच मापाची. पुढे दोन नावं आणि खूण करायला दोन चौकटी. मागे त्या माणसाचा सभासद क्रमांक, त्याचा आयडी बघून, त्याच्यासमोर, माझ्या हाताने लिहिलेला. लॅबमधल्या मार्करसारखाच मार्कर मी दुकानातून आणला, त्याची शाई स्पिरिटनेही जात नाही. कोपऱ्यात क्रमांक लिहिला तर कुणी कोपरा फाडील, म्हणून कागदाच्या मधोमध. आणि त्यावरून आडवी माझी सही.

सुरेशला दाखवलं. तो म्हणाला, "फूलप्रूफ आहे." उमेदवारांना दाखवलं. इक्बाल म्हणाला, "ताई, आता कुणाच्या बापाची टाप नाही बोगस मत टाकायची." मोहितेसाहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, जरा जास्तच वेळ बघितली, आणि म्हणाले, "वा!"

शुक्रवारी सालमियातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मतदान. सकाळी कुटुंबवाले आले, डॉक्टर, नर्सेस, नटूनथटून. जुम्म्याची नमाज झाल्यावर जलीबची मंडळी आली. मोहितेंनी कंपनीची बस पाठवली होती. बस त्यांची, बाहेर ठेवलेली बिर्याणी त्यांची, आणि खरं म्हणजे सभासदही त्यांचेच. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच या सगळ्यांना एका दमात सभासद करून घेतलं होतं, तीनशे एकपासून पुढचे क्रमांक सगळे जलीबचे. गठ्ठा मतं म्हणतात ती हीच. मला वाटलं झालं, इक्बाल संपला.

सलीमची पाळी आली. मी आयडी बघितला, चिठ्ठी उलटी केली, मागे क्रमांक घातला, सही केली. तो चिठ्ठी घेईना.

"ताई, हा नंबर कशाला?"

"तुझं मत तुझ्याच नावावर राहावं म्हणून. दुसऱ्या कुणी टाकू नये."

"पण मग..." एवढं म्हणून तो थांबला. मागे रांग होती, टेबलाशी मोहितेंचा माणूस बसला होता. सलीम माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "अरे, मी आहे ना इथे? टाक बिनधास्त."

"तुम्ही आहात म्हणून," असं म्हणून त्याने चिठ्ठी घेतली.

हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते. एका किचनमधल्या पोराला जे एका नजरेत दिसलं ते मला, सुरेशला, इक्बालला, डॉक्टरांना, कुणाला म्हणजे कुणाला दिसलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे अख्खी दावण रिकामी होती.

चारला मोजणी सुरू केली. टेबलावर मी, माझ्या एका बाजूला इक्बालची बायको, दुसऱ्या बाजूला नितीन. नितीन म्हणजे मोहितेंच्या कंपनीतला टाइमकीपर, हजेरी लिहिणारा. मी एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचत होते आणि पालथी न करता गठ्ठ्यावर ठेवत होते. मोहिते एकशे एकतीस, इक्बाल अठ्ठ्याण्णव. मोहितेसाहेब निवडून आले, रीतसर आले, त्यात काडीचाही घोळ नव्हता. पण अठ्ठ्याण्णव! जिथे कधी एक हात वर झाला नाही तिथे अठ्ठ्याण्णव माणसं विरोधात. बाहेर टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत नेहमीचा जोर नव्हता.

नितीन अगदी सहज म्हणाला, "मॅडम, आणा इकडे, नंबरवार लावून ठेवतो. सोपं पडेल."

"कशाला सोपं पडेल?"

"रेकॉर्डला हो."

त्याचा हात इक्बालच्या गठ्ठ्यावर होता. मी तो गठ्ठा ओढून घेतला आणि पालथा केला. वरची चिठ्ठी तीनशे बारा. खालची तीनशे सदतीस. त्याखालची तीनशे चार.  तीनशेचे क्रमांक जवळजवळ सगळे या गठ्ठ्यात होते. बस मोहितेंची, बिर्याणी मोहितेंची, आणि मतं इक्बालला! क्षणभर मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आणि लगेच कळलं की मी काय करून बसले आहे. मी या पोरांची मतं लेबल लावून ठेवली होती. कुणाचं मत कुठलं, यात आता कुणालाही चूक करता आली नसती. सभासदांची यादी मंडळाच्या कपाटात, किल्ली मोहितेंकडे.

"नंबरवार काही नको," मी म्हटलं. "सील करायचं." सगळ्या चिठ्ठ्या खोक्यात घातल्या, चिकटपट्टी लावली, सह्या घेतल्या, आणि खोका घरी आणला. नितीन माझ्याकडे बघून हसला. तो उगाच हसला असेल. मला नाही तसं वाटत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोहितेसाहेबांचा फोन. "वहिनी, काय सुंदर काम केलंत! खोका तेवढा उद्या संध्याकाळी पाठवून द्या, कागदपत्रं मंडळाच्या कपाटात राहायला हवीत. घटनेत आहे तसं. मी गाडी पाठवतो."

तासाभराने इक्बालचा. "ताई, मी फेरमोजणी मागतोय. तुमच्यावर शंका नाही हां. पण आमची माणसं म्हणतात, एकदा परत सगळ्यांसमोर होऊ दे. खोका कुणाला देऊ नका. माझा भरवसा फक्त तुमच्यावर."

म्हणजे खोका मोहितेंना दिला तरी क्रमांक उघडे, आणि फेरमोजणी केली तरी नितीन टेबलावर बसून क्रमांक लिहून घेणार. सुरेश म्हणाला, "क्रमांक खोडून टाक ना." मी एका चिठ्ठीवर तो प्रयोग केला. मार्करने मागचा क्रमांक गडद काळा केला, तर शाई पुढच्या बाजूला उतरली आणि खुणेसकट दोन्ही नावं गिळून बसली. कापायला जावं तर क्रमांक मधोमध. कुणी फाडू नये म्हणून मीच तो मधोमध घातला होता.

"इक्बालला सांग खरं काय ते," सुरेश म्हणाला.

मी विचार केला. इक्बाल प्रामाणिक माणूस. पण त्याच्या पोटात पाणी ठरत नाही. तो दुसऱ्या मिनिटाला सभेत उभा राहून ओरडला असता, "नंबर टाकून जलीबच्या माणसांना अडकवायचा डाव आहे!" म्हणजे जलीबने मत कुणाला दिलं ते त्यानेच सांगितल्यासारखं. मोहितेंना मग चिठ्ठ्यांचीही गरज उरली नसती. जलीबचं नाव कुणाच्याच तोंडी यायला नको होतं. म्हणजे मी गप्प बसायचं, आणि चिठ्ठ्या राहता कामा नयेत.

रविवारी दुपारी ड्यूटीवरून आले, न्हाणीघरात बादली घेतली, त्यात पाणी आणि ब्लीच ओतलं, खोक्याचं सील तोडलं. लॅबमध्ये मी मुदत संपण्याआधी एक ट्यूब कधी टाकली नाही. कुणी टाकली तर मी त्याची खरडपट्टी काढायची. आणि इथे मी मूठमूठ चिठ्ठ्या बादलीत बुडवत होते. कागद भिजला, लगदा झाला, पण ती शाई मेली जाता जाईना, लगद्यातून काळे आकडे डोळे वटारून बघत होते. मग हातमोजे घालून पोळ्यांची कणीक मळतात तसा तो लगदा मळला. ब्लीचने डोळ्यांतून पाणी येत होतं. नुसतं ब्लीचनेच येत होतं असंही नाही.

सुरेश दारात येऊन उभा राहिला. "अगं, लोक तुला काय म्हणतील?"

"म्हणू देत."

संध्याकाळी मोहितेसाहेबांची गाडी आली. ड्रायव्हरला मी सांगितलं, खोका नाही. चिठ्ठ्या नष्ट केल्या. पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, "निकाल दिला की आम्ही नमुना टाकून देतो. लॅबची पद्धत."  मग ते हसले. "हरकत नाही वहिनी. चिठ्ठ्यांत काय असतं? आपली माणसं आपल्याला माहीत असतात." या वाक्याचा अर्थ मी आजवर लावते आहे.

गुरुवारी सभा झाली. इक्बाल उभा राहिला. ओरडला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, आमच्या प्लँटमध्ये साध्या मीटरचं रीडिंग वर्षभर जपून ठेवतात. तुम्ही सव्वादोनशे माणसांची मतं दोन दिवस नाही ठेवलीत? आणि फेरमोजणी मागितल्यावर? मी तुमच्यावर शंका नाही म्हटलं होतं. मूर्ख मी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला नीट माहीत होतं त्या नजरेत काय आहे. मीच वर्षानुवर्षं लोकांकडे तशी बघत आले होते. मी म्हटलं, "मोजणी बरोबर होती," आणि खाली बसले. इक्बाल उठून गेला तो मंडळात परत कधी आला नाही.

त्यावर कडी म्हणजे गणपतीत मोहितेसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. 'पारदर्शक निवडणुकीबद्दल' शाल आणि श्रीफळ. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर "का?" असं विचारलं असतं, आणि खरं सांगितलं तर जलीबचं नाव निघालं असतं. घेतली शाल. साहेबांनी स्वतः खांद्यावर घातली, नितीनने फोटो काढला, आणि मी घरी पोचायच्या आत तो सगळ्या ग्रुपवर, जलीबच्याही. फुकटात विकली गेले मी. ती शाल मी त्याच आठवड्यात मोलकरणीला देऊन टाकली, पण फोटो कुणाला देणार?

आता मोहितेसाहेब कुवेत सोडून गेले, मुलाकडे कॅनडात असतात. केटरिंगचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं, जलीबची ती पोरं पांगली. आता माझ्या बोलण्याने कुणाचा इकामा जाणार नाही, म्हणून हे लिहिलं. पांगली ती कंत्राट संपल्यावर. निवडणुकीनंतरच्या वर्षात त्यांच्यातला एकही माणूस कॅन्सल झाला नाही. हे मी क्लिनिकच्या रजिस्टरवरून तपासून बघत होते, तपासणीला कोण आलं, कोण नाही. तीनशे एकपासून सगळे आले.

सलीम सगळ्यात शेवटी आला. गणपती होऊन चार महिने झाले होते. मी काचेतून त्याला बघितलं, हातात कंपनीचा फॉर्म, फॉर्मवर पुढच्या वर्षाचा शिक्का. मला इतकं बरं वाटलं! नोकरी आहे, पोरगा आहे. मी खुर्ची पुसली, दंडाला बांधायचा पट्टा काढून ठेवला, आणि त्याचा नंबर आला तशी स्वतः दारापर्यंत जाऊन हाक मारली, "ये रे सलीम."

तो उठला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसऱ्या सिस्टर आहेत का?"

"आहेत. पण त्या जेवायला गेल्यात. तासभर लागेल."

"थांबतो," तो म्हणाला.

मी आत येऊन बसले. बाहेर दुसरं कुणी पेशंट नव्हतं. माझी दोन खुर्च्यांची खोली रिकामी, आणि काचेपलीकडच्या बाकावर सलीम फॉर्म मांडीवर धरून बसलेला. तो एक तास दहा मिनिटं बसला.